धनशक्ती बाजरी: प्रयोग पास झाला, पुढे काय?

परदेशी विद्यापीठ, भारतीय विद्यापीठ आणि एखादी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून केलेल्या संशोधनाची बातमी तुम्ही वाचली असेल. तिचा मथळा साधारण ठरलेला असतो: 'अमुक पिकाने कुपोषणावर मात'. अशा बातमीमागचा पेपर कसा वाचायचा आणि त्यात काय शोधायचं, हा आजचा विषय आहे. त्यासाठी आपल्याच राज्यातलं एक उदाहरण घेऊ. धनशक्ती नावाची बाजरी.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासून बघता येईल. धनशक्तीवरचं विज्ञान चांगलं आहे, काही ठिकाणी तर फारच चांगलं आहे. पण या सगळ्या भागीदारीने एकाच प्रश्नाचं उत्तर नीट दिलं: ही भाकरी पोटात गेली तर अंगी लागते का? ही भाकरी रोजच्या ताटात येणार कशी, हा दुसरा प्रश्न कुणाच्याच वाट्याला आला नाही. आणि मथळे मात्र दोन्ही प्रश्न सुटल्यासारखे छापले जातात.

टोगो ते राहुरी

आधी थोडा इतिहास. पिकाच्या दाण्यातच लोह, जस्त किंवा जीवनसत्त्व जास्त असावं अशा पद्धतीने वाण निवडायचा किंवा पैदास करायचा, याला जैवसंपृक्त वाण म्हणतात. गोळी नको, वरून काही मिसळायला नको, जे खातो त्यातूनच मिळावं ही कल्पना. 'हार्वेस्टप्लस' हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम यासाठीच उभा राहिला. त्याचे संस्थापक हॉवर्थ बॉइस यांना 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार विभागून मिळाला.

बाजरीचं काम हैदराबादजवळच्या पाटनचेरू इथल्या इक्रिसॅट या संस्थेत झालं. तिथे आयसीटीपी 8203 नावाचा एक वाण होता. हा वाण पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या शेतकऱ्यांच्या स्थानिक बाजरीतून निवडलेला. लवकर येणारा, टपोऱ्या दाण्याचा. 1988 मध्ये तो महाराष्ट्रात आणि आंध्रात लागवडीसाठी प्रसारित झाला. तेव्हा लोहाचं नावही कुणी काढलं नव्हतं. पुढे जेव्हा वेगवेगळ्या वाणांतलं लोह मोजायला सुरुवात झाली, तेव्हा लक्षात आलं की या वाणात ते भरपूर आहे. मग त्यातूनच अधिक लोहाच्या ओळी निवडून धनशक्ती तयार झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने 2012 मध्ये ती महाराष्ट्रात आली. दर किलोला साधारण 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त, ही तिची ओळख.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. हे लोह कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेलं नाही. ते टोगोच्या शेतात होतं, मग सुमारे दोन तपं आपल्याकडच्या शेतातही होतं. नवीन काय झालं, तर आपण ते मोजायला लागलो. शास्त्रज्ञांची निवड कमी महत्त्वाची आहे असं मला म्हणायचं नाही. पण 'विद्यापीठांनी लोहयुक्त बाजरी शोधली' असं वाक्य वाचलं की टोगोचा शेतकरी त्या वाक्यातून गायब झालेला असतो, एवढं ध्यानात असू द्या.

पेपर काय सांगतात

या बाजरीवर, किंवा तिच्यासारख्याच लोहयुक्त बाजरीवर झालेले चार अभ्यास एका ओळीत ठेवून बघू.

पहिला, आपल्या शेजारच्या बेळगावचा. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले बालरोगतज्ज्ञ आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून केलेला, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला. सुमारे दोन वर्षांची 40 मुलं. अन्नातल्या लोहाला आणि जस्ताला समस्थानिकांची खूण करायची आणि त्यातलं किती शरीरात शोषलं गेलं ते मोजायचं. साध्या बाजरीतून दिवसाला सरासरी 0.23 मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, लोहयुक्त बाजरीतून 0.67 मिलिग्रॅम. जवळपास तिप्पट. ज्यांना वाटतं की 'बाजरीत फायटेट असतं, लोह असून उपयोग नाही', त्यांना हे उत्तर आहे. फायटेट अडवतं हे खरं, पण मुळात लोह जास्त असलं तर अडवूनही जास्त उरतं.

दुसरा अभ्यास नगर जिल्ह्यातला, 2015 चा. मुंबईचं एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ यातले मुख्य भागीदार. 12 ते 16 वयाची 246 शाळकरी मुलं. कुणाला कोणती बाजरी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि सहा महिने रोज भाकरी दिली. चार महिन्यांतच लोहयुक्त बाजरी खाणाऱ्या गटात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, दुसऱ्या गटापेक्षा वाढलेला दिसला. सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होतं, त्या मुलांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता 1.64 पट झाली.

हा 1.64 आकडा बातम्यांत हमखास येतो आणि हमखास चुकीचा समजला जातो. त्याचा अर्थ 'शंभरातली 64 मुलं बरी झाली' असा नाही. अर्थ असा: साधी बाजरी खाणाऱ्या कमतरतेच्या मुलांपैकी समजा 10 जण सावरले, तर तेवढ्याच मुलांच्या दुसऱ्या गटात साधारण 16 सावरले. म्हणजे साधी भाकरी खाऊनही काही मुलं सावरलीच होती. आणि हिमोग्लोबिनमध्ये दोन्ही गटांत ठाम फरक दिसला नाही. हे शेवटचं वाक्य मथळ्यात कधीच येत नाही. लोहाचा साठा आधी भरतो, हिमोग्लोबिन नंतर हलतं आणि ते कमी असायला लोहाखेरीज इतरही कारणं असतात. त्यामुळे हे अपयश नाही. पण 'ॲनिमिया बरा झाला' असंही म्हणता येत नाही.

तिसरा पेपर 2018 चा. याच प्रयोगातल्या 140 मुलांच्या लक्ष देण्याच्या आणि स्मरणाच्या चाचण्या. लोहयुक्त बाजरीच्या गटाने त्यात जास्त सुधारणा दाखवली. शिकवणाऱ्या कुणालाही हा निकाल महत्त्वाचा वाटेल.

चौथा मुंबईच्या झोपडवस्त्यांतला, 2022 मध्ये छापून आलेला. 12 ते 18 महिन्यांची 223 बाळं, नऊ महिने लोह-जस्तयुक्त बाजरीचे पूरक पदार्थ. सगळ्या मुलांचा मिळून विचार केला तर लोहाच्या मोजमापांत किंवा वाढीत ठाम फरक नाही.

आता हे चार एकत्र ठेवा. वस्तीगृहातल्या बारा-चौदा वर्षांच्या पोराला दिवसात दोन-तीन भाकऱ्या सहज जातात. वर्षाच्या बाळाच्या पोटात किती जाणार? माझ्या मते चौथ्या निकालाचा धडा इथे आहे: धान्यातलं लोह वाढवण्याचा उपाय, जो भरपूर धान्य खातो त्याला जास्त लागू पडतो. आणि कुपोषणाची सर्वात मोठी चिंता ज्यांची करायची, ती मुलं धान्य सगळ्यात कमी खातात. चौथा निकाल लपवला नाही, रीतसर छापला, याबद्दल त्या संशोधकांना पूर्ण मार्क. पण बातम्या 2015 च्या झाल्या, 2022 ची बातमी तुम्ही वाचली का, तुम्हीच सांगा.

मोजमापातल्या तीन गोष्टी

पेपर वाचताना 'मटेरियल्स अँड मेथड्स' हा भाग ओलांडून पुढे जायचा मोह होतो. तो टाळा, खरा मजकूर तिथेच असतो.

एक. प्रयोगातल्या बाजरीत दर किलोला 86 मिलिग्रॅम लोह होतं, तुलनेच्या बाजरीत 21 ते 52. धनशक्तीचा जाहीर सरासरी आकडा 71. समजा दिवसाला 200 ग्रॅम पीठ खाल्लं, तर प्रयोगातल्या बाजरीतून 17 मिलिग्रॅम लोह येतं, सरासरी धनशक्तीतून 14 आणि तुलनेच्या बाजरीतून 4 ते 10. म्हणजे प्रयोगातला फरक हा शेतात मिळेल त्यापेक्षा मोठा आहे. दाण्यातलं लोह जमिनीवर आणि हंगामावरही अवलंबून असतं. प्रयोगासाठी चांगल्यात चांगला माल निवडणं चूक नाही, कारण प्रश्न 'काम करू शकतं का' असा होता. पण 'काम करेल' असं म्हणायला ते पुरत नाही.

दोन. वाण विकसित करायला हार्वेस्टप्लसचा पाठिंबा आणि माणसांवरच्या या चाचणीलाही निधी हार्वेस्टप्लसचाच. यात लपवाछपवी काही नाही, पेपरमध्ये ते छापलेलं असतं. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंकाही नाही. पण ज्याने पदार्थ रांधला त्यानेच चव घेणाऱ्यांना बोलावलं, तर 'मीठ बरोबर आहे का' एवढंच विचारलं जातं. 'आज दुसरं काही करायला हवं होतं का' हे कुणी विचारत नाही. लोहयुक्त बाजरी विरुद्ध साधी बाजरी ही तुलना झाली. लोहयुक्त बाजरी विरुद्ध साधी बाजरी अधिक एक वाटी मटकीची उसळ आणि लिंबाची फोड, अशी तुलना त्या चाचणीत नव्हती. क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं हे तर पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे.

तीन. मुलं शाळेत राहणारी, भाकरी दुसऱ्याने केलेली, कुणी किती खाल्ली याची नोंद. अशी व्यवस्था असल्याशिवाय स्वच्छ उत्तर मिळत नाही, मान्य. पण घरात बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत खवट होतं, म्हणून दळण थोडं थोडं आणावं लागतं. भाकरी थापायला वेळ लागतो, चपात्या पटापट लाटून होतात. ऊसतोडीला किंवा एमआयडीसीत जाणारी बाई सकाळी काय करेल? तिचा वेळ या पेपरच्या कुठल्याच तक्त्यात नाही.

टनापासून मिलिग्रॅमपर्यंत

ही भागीदारीची पद्धत आजची नाही. 1950-60 च्या दशकांत अमेरिकी मदतीतून तिथली सहा विद्यापीठं भारतातल्या वेगवेगळ्या राज्यांशी जोडली गेली. पंजाबला ओहायो, उत्तर प्रदेशला इलिनॉय, आणि महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ. राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 मध्ये सुरू झालं ते याच वातावरणात. तेव्हाचा प्रश्न एकच होता: एकरी उत्पन्न कसं वाढेल? आणि तो प्रश्न खोटा नव्हता, अन्नधान्य बोटींतून येत होतं.

गंमत बघा. 2018 च्या त्या लक्ष आणि स्मरणाच्या पेपरवर पुन्हा पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचं नाव आहे. पन्नास वर्षांनी तेच विद्यापीठ, तेच राज्य. तेव्हा मोजायचं एकक टन होतं, आता मिलिग्रॅम. एकक बदललं, पण ते ठरवण्याची जागा फारशी बदलली नाही. ज्याच्याकडे पैसा आणि मोजण्याचं यंत्र, त्याच्या एककात आपला प्रश्न मांडायचा. टनांच्या काळात ज्वारी-बाजरी-नाचणी मागे पडली, कारण गहू-तांदळाचा टन मोठा. मिलिग्रॅमच्या काळात बाजरी परत आली, पण आख्खं ताट नाही, एकच खनिज म्हणून.

भागीदारीचा फायदा काहीच झाला नाही असं मी म्हणत नाही. उलट एक फायदा मला सगळ्या पेपरांपेक्षा मोठा वाटतो. 2018 पासून भारतात बाजरीचा नवा वाण प्रसारित करायचा तर त्यात दर किलोला किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असलं पाहिजे, असा निकष आला. म्हणजे पोषण हा वाणाच्या परीक्षेतला सक्तीचा विषय झाला. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर केलेले लोहयुक्त संकरित वाणही आले. हे पेपर छापून होत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं एकत्र बसावं लागतं.

पण पुढची साखळी बघा. शेतकऱ्याने ही बाजरी पिकवली, बाजार समितीत नेली. लोह डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. व्यापारी तिला बाजरीच म्हणणार, भाव बाजरीचाच देणार. बरं, धनशक्ती हा सरळ वाण, त्यामुळे बियाणं घरचं ठेवता येतं. पण बाजरीत परपरागीभवन होतं. बांधापलीकडे संकरित बाजरी असली की दोन-चार हंगामांत आपला वाण आपला राहत नाही. मग शुद्ध बियाणं पुरवत राहायची जबाबदारी कुणाची? रेशनमध्ये भरडधान्याला 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने जागा दिली आहे, पण दुकानात मुख्यतः गहू-तांदूळच दिसतो. शाळेच्या आहाराचा पायाही तांदूळच. हे सगळे प्रश्न 'प्रकल्पाच्या कक्षेबाहेर' असतात. पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात 'धोरणकर्त्यांनी लक्ष द्यावं' असं एक वाक्य येतं आणि प्रकल्प संपतो.

मग कोल्हापूरचं काय?

तुम्ही म्हणाल, आपण कुठं बाजरी खातो? खरंय, आपल्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली भाकरी, बाकी वर्षभर जोंधळा आणि भात. आपल्या पश्चिमेच्या डोंगरी पट्ट्यात, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड भागात, मुख्य भरडधान्य नाचणी. आणि तिच्यावर काम करणारं केंद्र इथंच आहे, शेंडा पार्कातलं विभागीय कृषी संशोधन केंद्र, राहुरी विद्यापीठाचंच. 'फुले नाचणी' आणि 'फुले कासारी' हे नाचणीचे वाण, 'फुले एकादशी' हा वरईचा वाण, हे सगळे कोल्हापूरचे. कासारी तर आपल्याच नदीचं नाव.

नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ज्वारीत 28 च्या आसपास. तेही पैदास करून वाढवलेलं नाही, मुळातलंच. शिवाय नाचणीत स्वपरागीभवन होतं, त्यामुळे घरचं बियाणं बाजरीपेक्षा कितीतरी जास्त काळ शुद्ध राहतं. आणि तिची प्रक्रिया घराघरात ठाऊक आहे. नाचणीला मोड आणून सत्त्व करणं, आंबील आंबवणं, यात फायटेट कमी होतं आणि लोह जास्त मोकळं होतं. बाळाला नाचणीचं सत्त्व देणाऱ्या आजीला फायटेट हा शब्द माहीत नसेल, पण प्रक्रिया बिनचूक माहीत आहे.

उद्या एखादं परदेशी विद्यापीठ कोल्हापुरात नाचणीवर भागीदारी करायला आलं, तर त्याचं स्वागतच व्हावं. समस्थानिकांची चाचणी, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग, हे कौशल्य आपल्याला हवंच आहे. बेळगावने दाखवलंय की आपल्या भागातले डॉक्टर ते उत्तम करतात. पण मुद्दा असा की त्या टेबलावर पहिल्या दिवसापासून कोण बसणार? पैदासकार आणि पोषणतज्ज्ञ तर हवेतच. त्यांच्या शेजारी शाळेचा आहार शिजवणारा बचतगट, अंगणवाडी सेविका, रेशनचा पुरवठा बघणारा अधिकारी आणि गगनबावड्यातला नाचणी लावणारा शेतकरी हवेत. आणि ते नमुना म्हणून नकोत. काय मोजायचं हे ठरवणारे म्हणून हवेत.

हा वाद फक्त विद्यापीठांपुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांतलं ॲनिमियाचं प्रमाण 2015-16 मध्ये 48 टक्के होतं, 2019-21 मध्ये 54.2 टक्के. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या मोजणीवर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, ते धरूनही हा आकडा छोटा नाही. धनशक्ती याच काळात उपलब्ध होती. एका वाणाने राज्याचा आकडा खाली यावा अशी अपेक्षा कुणी करू नये, पण सिद्ध झालेली गोष्ट पोहोचत नसेल तर 'आणखी एक कार्यक्षमता चाचणी' हे त्यावरचं उत्तर नाही.

पुढच्या वेळी पेपर वाचताना

शेवटी, कामाची गोष्ट. अशा भागीदारीचा कुठलाही पेपर किंवा बातमी हातात आली की हे चार प्रश्न विचारा.

1. हा प्रश्न कुणी निवडला? निधी देणाऱ्याने, विद्यापीठाने, की खाणाऱ्याने?

2. तुलना कशाशी केली? त्याच खर्चात दुसरं काही करता आलं असतं का?

3. 'काम करू शकतं' हे दाखवलंय, की 'रोजच्या घरात काम करतं' हे? दोन्हींत फरक आहे आणि मथळा तो पुसून टाकतो.

4. प्रकल्प संपल्यावर बियाणं कुणाकडे राहतं, मोजण्याचं यंत्र कुणाकडे राहतं आणि माहिती कुठल्या भाषेत राहते?

धनशक्तीला या चार प्रश्नांवर मी मार्क दिले तर तिसऱ्याच्या पहिल्या अर्ध्यात उत्तम, दुसऱ्या अर्ध्यात नापास, पहिल्या दोघांत काठावर. चौथ्यात बियाण्याला बरे मार्क, कारण सरळ वाण. भाषेला नाही, हे चारही पेपर इंग्रजीत आहेत आणि ज्या मुलांनी सहा महिने ती भाकरी खाल्ली ती आता पंचविशीच्या आसपास असतील. त्यांच्या रक्तातून काय निष्पन्न झालं हे त्यांना मराठीत वाचता आलं पाहिजे. निदान तेवढं काम माझ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं आहे, म्हणून हा लेख.

तुमच्या गावात धनशक्ती कुणी पेरली असेल, किंवा नाचणी शाळेच्या आहारात आली असेल, तर जरूर कळवा. बी कुठून मिळालं, भाव काय आला आणि पोरांनी खाल्लं का, एवढं तरी लिहाच.